बेटावरचं पुस्तक लिहायला शिकवणारी बडोद्यातली कार्यशाळा: कागद पक्का, ओहोटी हुकलेली

बडोद्यात दांडिया बाजारात भरणारी ही लेखन कार्यशाळा पाच रविवारांची आहे. दर रविवारी तीन तास, आणि शेवटच्या रविवाराआधी ओखा व बेट द्वारकेची दोन दिवसांची सहल. फी साडेचार हजार, सहलीचे साडेतीन हजार वेगळे. तुकडी पंधरा जणांची, शिकवणं सगळं मराठीत. बेटाचा इतिहास आणि तिथलं जीवन यांवर पुस्तक लिहायचं असेल, मग ते मुलांसाठी असो, कादंबरी असो की माहितीपर, तर पुस्तकाचा आराखडा आणि एक पूर्ण प्रकरण हातात घेऊन बाहेर पडाल, असं आयोजक सांगतात. आराखडा खरोखर होतो. प्रकरणाचं निम्मं काम होतं. निम्मं का राहतं, ते पुढे येईल.

बेटाची निवड अचूक आहे. बडोद्याच्या मराठी माणसाला समुद्र लांबचा वाटतो, पण काठेवाडच्या पश्चिम टोकाचं ओखामंडळ, आणि त्यातलं बेट शंखोद्धार म्हणजे आजचं बेट द्वारका, १८१७ पासून गायकवाडांकडे होतं. १ मे १९४९ ला बडोदे संस्थान मुंबई राज्यात विलीन होईपर्यंत त्या बेटाचा कारभार बडोद्याच्या कचेऱ्यांतून चालला. म्हणजे बेट ओख्यासमोर असलं तरी त्याचे कागद आपल्या शहरात. कार्यशाळेचे पहिले दोन रविवार याच मुद्द्यावर उभे आहेत आणि ते अप्रतिम झाले आहेत.

पहिल्या रविवारी साधनांची ओळख. मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा १८८३ चा बडोदे खंड, देसाई आणि क्लार्क यांनी तयार केलेलं १९२३ चं बडोदे राज्याचं दोन खंडांचं गॅझेटियर, राज्याचे वार्षिक अहवाल आणि दप्तरखान्यातले मोडी कागद. कशात काय मिळतं आणि काय मिळत नाही, हे उदाहरणं देऊन सांगतात. गॅझेटियरमध्ये लोकसंख्या, वसूल, देवळं, बंदर मिळेल. खाडीत कुठला मासा लागतो हे मिळणार नाही. त्यासाठी जेम्स हॉर्नेल.

हॉर्नेल सिलोनच्या मोती-शिंपल्यांच्या कामातून आलेले सागरी प्राणिशास्त्रज्ञ. १९०५-०६ मध्ये त्यांनी ओखामंडळाच्या किनाऱ्यावर नमुने गोळा केले आणि बडोदे सरकारला अहवाल दिला. त्याचा पहिला भाग १९०९ मध्ये छापला गेला, दुसरा १९१६ मध्ये. एका संस्थानाने आपल्या किनाऱ्यावरचे स्पंज, किडे, शिंपले मोजून घेण्यासाठी खर्च केला, ही गोष्ट बडोदेकरांना अजून पुरेशी माहीत नाही. अहवालाचे स्कॅन इंटरनेटवर मिळतात. कार्यशाळेत त्यातली काही पानं वाचून दाखवतात आणि शंभर वर्षांपूर्वीच्या यादीतला प्राणी आज तिथे आहेच असं लिहू नका, हे बजावतात. हे बजावणं फार गरजेचं आहे.

इथे एक दुरुस्ती हवी. हा अहवाल आता कॉपीराइटमुक्त आहे, हवा तसा वापरा, असं वर्गात सरसकट सांगितलं जातं. हॉर्नेल १९४९ मध्ये वारले. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून ६० वर्षं धरतात, म्हणून त्यांचं स्वतःचं लेखन २०१० पासून मुक्त झालं. पण अहवालातली काही प्रकरणं वेगवेगळ्या तज्ज्ञांची आहेत. ज्या प्रकरणातलं चित्र उचलायचं, त्या प्रकरणाच्या लेखकाचं मृत्युवर्ष बघावं लागतं. स्पंजांचं प्रकरण आर्थर डेंडी यांचं आहे. ते १९२५ मध्ये गेले, म्हणून तिथे अडचण नाही. बाकीच्यांचं एकेक करून तपासा.

दुसरा रविवार तारखांचा. एवढ्या एका सत्रासाठी अर्धी फी वसूल होते. जुन्या मराठी कागदावर शुहूर सन, म्हणजे मराठेशाहीतली एक कालगणना, असतो आणि तोही अरबी आकड्यांच्या शब्दांत. 'इहिदे सितैन मया व अलफ' म्हणजे एक, साठ, शंभर आणि हजार, अर्थात ११६१. हे वर्ष मृगाच्या सुमाराला बदलतं. म्हणून जूनपासून डिसेंबरपर्यंतच्या कागदाला ५९९ मिळवायचे, जानेवारीपासून मेअखेरपर्यंतच्या कागदाला ६००. पानिपतची लढाई ११६१ मधली, जानेवारीतली, म्हणून ६०० मिळवून १७६१. हे उदाहरण एकदा डोक्यात बसलं की पुन्हा चूक होत नाही.

ओखामंडळाच्या कागदात दुसरा सापळा विक्रम संवताचा. गुजरातेत संवत कार्तिकात बदलतो, हालारात म्हणजे जामनगरच्या बाजूला आषाढात. त्यामुळे आषाढ ते आश्विन या चार महिन्यांतला एकच दिवस दोन कागदांत दोन वेगळ्या संवतांत नोंदलेला सापडू शकतो. कार्तिकी संवतात दिवाळीपासून डिसेंबरअखेर ५७ वजा करायचे, जानेवारीपासून ५६. आषाढी संवतात मात्र आषाढापासूनच ५७ वजा होतात. कुठला संवत आहे हे कागदावर लिहिलेलं नसतं. कागद कुणाच्या दफ्तरातून आला आहे, यावरून ठरवावं लागतं. ज्यांच्या कादंबरीत पावसाळ्यातली घटना एक वर्ष मागे-पुढे सरकते, त्यांची चूक बहुधा इथली.

मोडीलाही याच रविवारी पाऊण तास दिला आहे. तेवढ्यात मोडी येत नाही, येईल अशी आशा दाखवायलाही नको होती. कागद पत्र आहे, हिशेब आहे की हुकूम आहे एवढं मायन्यावरून ओळखता येतं आणि जाणकाराकडे कुठला कागद न्यायचा ते ठरवता येतं. इतकंच उद्दिष्ट ठेवलं तर सत्र योग्य.

तिसऱ्या रविवारी १८५९ चा प्रसंग लिहायला देतात. ओखामंडळातल्या वाघेर जमातीने बेट आणि द्वारका ताब्यात घेतली होती, आणि ऑक्टोबर १८५९ मध्ये इंग्रजांनी जहाजांवरून तोफा डागून, फौज उतरवून बेटावरच्या किल्ल्यावर हल्ला केला. वहीच्या पानावर तीन रकाने आखायचे. एकात लष्करी कागद काय म्हणतात, दुसऱ्यात लोकांच्या तोंडी असलेल्या जोधा माणेक आणि मुळू माणेक या वाघेर पुढाऱ्यांच्या आठवणी, तिसऱ्यात जमिनीवर आज काय दिसतं. एका रकान्यातलं वाक्य दुसऱ्यात गेलं की लाल शाई. श्रद्धेच्या विषयालाही हीच पद्धत लावतात. बेट द्वारकेच्या उत्खननात शंखाची एक मुद्रा मिळाली आहे, तिच्यावर एकाच धडाला तीन प्राण्यांची डोकी कोरलेली आहेत, आणि ती उत्तर-हडप्पाकालीन मानतात. समुद्रात भोकं पाडलेले दगडी नांगर मिळाले आहेत. पण असे नांगर कित्येक शतकं वापरात राहिले, म्हणून नुसत्या आकारावरून त्यांचं वय सांगता येत नाही. श्रीकृष्णाची द्वारका ही श्रद्धा एका रकान्यात, मुद्रा दुसऱ्यात. दोन्ही आदराने लिहायचं, पण एकाचा पुरावा म्हणून दुसऱ्याला उभं करायचं नाही. प्रशिक्षकांनी हा नाजूक भाग कुणालाही न दुखावता आणि न डगमगता हाताळला आहे.

शंखाचा विषय निघाला म्हणून इथेच एक जागा सांगतो, जिथे जवळजवळ प्रत्येक मसुदा अडखळतो. बेटाचं नावच शंखोद्धार, म्हणजे शंख पुस्तकात येणारच. इंग्रजी ग्रंथात नेहमीच्या शंखाला उजवा म्हटलेलं असतं आणि दुर्मिळ शंखाला डावा. भाषांतर करणारा सरळ 'दक्षिणावर्त' आणि 'वामावर्त' लिहून मोकळा होतो, आणि अर्थ नेमका उलटा होतो. कारण बघण्याची दिशा वेगळी. प्राणिशास्त्रज्ञ शंखाचं टोकदार शिखर वर धरतात, तोंड आपल्याकडे. तसं धरलं तर नेहमीच्या शंखाचं तोंड उजव्या हाताला येतं. आपल्याकडे शंख उलटा धरतात, पन्हळीसारखी निमुळती बाजू वर. तोच शंख, पण आता तोंड डावीकडे, म्हणून तो वामावर्त. देव्हाऱ्यातला मौल्यवान दक्षिणावर्त शंख म्हणजे शास्त्रज्ञांचा डावा. कार्यशाळेत एक शंख फिरवत ठेवतात आणि दोन्ही बाजूंनी धरायला लावतात. दोन मिनिटांचं काम, पण पुस्तकातली एक मोठी चूक टळते. फक्त एक: शंख किंवा प्रवाळ किनाऱ्यावरून उचलून आणू नका, हेही त्याच वेळी सांगायला हवं होतं. प्रवाळ आणि काही शंख-शिंपले वन्यजीव कायद्याने संरक्षित आहेत, मेलेले असले तरी.

चौथा रविवार निसर्गाचा. सकाळी सयाजीबागेतलं संग्रहालय, तिथला निळ्या देवमाशाचा सांगाडा. १९४४ मध्ये महीच्या मुखाशी लागलेला, सुमारे २२ मीटर लांबीचा. 'प्रचंड', 'अजस्र' हे शब्द न वापरता त्याचं वर्णन १५० शब्दांत करायचं, हा सराव चांगला आहे. दुपारी मात्र घसरण सुरू होते. कच्छच्या आखातातल्या जिवांची यादी फळ्यावर येते: समुद्रगाय, कुबड असलेला डॉल्फिन, हिरवं कासव, तिवर, रोहित (फ्लेमिंगो), खेकडे खाणारा क्रॅब प्लोव्हर. यादी बरोबर आहे, पण यादीतून पुस्तक होत नाही. क्रॅब प्लोव्हरचंच बघा. काळा-पांढरा, जाड चोचीचा हा पक्षी हिवाळ्यात आपल्याकडे येतो. किनाऱ्यावरच्या पक्ष्यांमध्ये तो वेगळा ठरतो, कारण तो वाळूत बीळ खणून त्यात बहुधा एकच पांढरं अंडं घालतो. उन्हाने तापलेल्या वाळूत बिळात गारवा राहतो. एवढ्यातून मुलांसाठी एक प्रकरण उभं राहतं. वर्गात त्याच्या वाट्याला नाव आणि एक फोटो आला.

नावांबद्दलचा सल्ला मात्र घ्यावा असा आहे. आधी स्थानिक नाव, मग मराठी, मग एकदाच शास्त्रीय. तिथले लोक ज्याला चेर म्हणतात ते आपलं तिवर, शास्त्रीय नाव एव्हिसेनिया मरीना. कोकणातली माशांची नावं ओख्याच्या माणसाच्या तोंडी घातली की संवाद खोटा वाटतो.

आता सहल, आणि सहलीतली मुख्य उणीव. बडोद्याहून ओखा पाचशे किलोमीटरच्या वर, रात्रभराचा बसप्रवास. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुदर्शन सेतू खुला झाल्यापासून बोटीची वाट बघावी लागत नाही, त्यामुळे आयोजकांनी वेळापत्रक बस, दर्शन आणि जेवण यांवर बांधलं. ओहोटीवर बांधलं नाही. सकाळी दर्शन, मग नाश्ता, आणि तुकडी किनाऱ्यावर पोचते तेव्हा पाणी वर चढलेलं. एक मीटर बाय एक मीटरचा दोरीचा चौकोन टाकून वीस मिनिटं त्यातलं सगळं टिपायचं, असा सुंदर सराव ठरलेला होता. तो कोरड्या वाळूवर उरकला. त्यात भुताखेकड्याची बिळं आणि प्लास्टिकची झाकणं यांपलीकडे काय मिळणार?

हे टाळणं अवघड नाही. ओखा बंदराचा भरती-ओहोटीचा तक्ता छापील मिळतो, संगणकावरही दिसतो. अमावास्या-पौर्णिमेनंतर एक-दोन दिवसांत उधाण येतं, तेव्हा पाणी सर्वांत जास्त चढतं आणि सर्वांत जास्त उतरतं. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती, तेव्हा खडकांचा खालचा पट्टा उघडाच पडत नाही. म्हणून सहल उधाणाच्या दिवसांत ठेवायची, उजेडात पूर्ण ओहोटी कधी आहे ते तक्त्यातून काढायचं, आणि त्याच्या दीड तास आधी किनाऱ्यावर हजर राहायचं. पाणी उतरत असताना आत चालत जायचं, ओहोटी पूर्ण झाली की परतायला लागायचं. वेळ रोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकते, म्हणून गेल्या आठवड्याची वेळ चालत नाही. तिथीला तीनने गुणून चारने भागायचं, हा भरतीच्या वेळेचा कोकणातला ठोकताळाही ओख्याला जसाच्या तसा लावू नये. प्रत्येक बंदराची वेळ वेगळी.

परतण्याबद्दल इतकं आग्रहाने का, तर पाणी एकसारखं चढत नाही. सहा तासांच्या भरतीचे बारा भाग धरले, तर पहिल्या तासात एक भाग, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात आणि चौथ्यात तीन-तीन, मग दोन आणि एक. चढ-उतार तीन मीटरचा असेल तर मधल्या दोन तासांत दीड मीटर पाणी चढतं. किनारा दोनशे पावलांत एक पाऊल उतरणारा असेल, तर तासाभरात पाण्याची कड दीडशे मीटर आत सरकते. मागे खोलगट भाग असला की तो आधी भरतो आणि माणूस उंचवट्यावर अडकतो. तळव्याला पकड असलेले बंद बूट, प्रवाळावर पाय न देता वाळूच्या पट्ट्यांतून चालणं, आणि वाळूत पाकट, म्हणजे शेपटीला काटा असलेला चपटा मासा, असू शकते म्हणून पाय उचलून न टाकता घासत नेणं, हे पंधरा जणांना बसमध्येच सांगून टाकायला हवं. ओख्यापासून जोडियापर्यंतचा पट्टा सागरी अभयारण्य आणि राष्ट्रीय उद्यानाचा आहे. अभयारण्य १९८० चं, उद्यान १९८२ चं. कुठे परवानगी लागते हे वनखात्याला आधी विचारून मगच तारीख पक्की करावी.

पाचवा रविवार सहलीनंतरचा, मसुदा आणि छपाई यांचा. छपाईचा भाग थोडक्यात पण कामाचा आहे. डेमी आकारात १६ पानांचा एक फॉर्मा, म्हणून पानं १६ च्या पटीत बसवायची. १६३ पानांचं पुस्तक १७६ पानांचा खर्च मागतं, तीन पानं कापली तर दहा फॉर्म्यांत बसतं. रंगीत चित्रं विखरून न टाकता आठ पानांत एकत्र. पाच इंच रुंद फोटोला किमान १,५०० पिक्सेल हवेत. व्हॉट्सअॅपवरून आलेला फोटो आकुंचन पावलेला असतो, तो मूळ फाइल म्हणून मागवा. समुद्राचा निळा रंग पडद्यावर दिसतो तसा छापून येत नाही, राखाडी होतो, म्हणून एक पान आधी छापून बघायचं. आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा ओळख क्रमांक, फुकट मिळतो, त्यासाठी कुणाला पैसे मोजू नका.

एक गोष्ट राहून गेली, ती इथे सांगतो. जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेला मजकूर युनिकोडमध्ये बदलताना 'ऱ्य' बिघडतो आणि त्याचा 'र्य' होतो. बेटावरच्या पुस्तकात हा शब्द दर ओळीला: किनाऱ्यावर, वाऱ्याने, खाऱ्या पाण्यात. रूपांतर झाल्यावर 'र्य' शोधायचा आणि 'सूर्य', 'कार्य' सोडून बाकीचे एकेक करून दुरुस्त करायचे. सगळे एकदम बदलले तर सूर्याचा 'सूऱ्य' होतो.

मसुद्यांवरचं संपादन मन लावून केलेलं आहे. प्रत्येकाला तीन-चार पानांचा लेखी अभिप्राय मिळतो, त्यात तारखा, नावं, पुरावा सगळं तपासलेलं. पण प्रकरणं दोन तुकड्यांत पडतात: आधी इतिहास, मग 'बेटाचं निसर्गवैभव' असा उपमथळा. तिथेच प्रकरण अर्धं राहतं. इतिहास दुसऱ्या-तिसऱ्या रविवारी, पाणी चौथ्या रविवारी, आणि दोन्ही कुठे भेटतात ते कुणी दाखवलंच नाही.

भेटतात ते तिथीत. जुन्या मराठी कागदावर तारखेबरोबर तिथी असते, आणि तिथी म्हणजे चंद्र, चंद्र म्हणजे भरती. 'शुद्ध अष्टमीस गलबते किनाऱ्यास लागली' असं एखाद्या पत्रात असेल, तर त्या दिवशी भांग होता, चढ-उतार कमी होता, खडकांचा तळ उघडा पडला नव्हता, आणि चंद्र मध्यरात्रीच्या सुमाराला मावळला होता. एका मसुद्यात शुद्ध अष्टमीला पहाटे चांदण्यात होड्या उतरवल्या होत्या, दुसऱ्यात अमावास्येला समुद्र 'आटल्यासारखा शांत' होता. दोन्ही संपादकाच्या नजरेतून सुटले, कारण संपादक इतिहासाचे होते. १८५९ च्या हल्ल्याचा सराव देताना त्या दिवसाची तिथी पंचांगावरून काढून, पाणी कुठवर असेल ते ठरवून मग होड्या उतरवायला सांगितल्या असत्या, तर तीन रकान्यांना चौथा मिळाला असता, आणि तिवर, खेकडे, चिखल आपोआप त्या दिवसाच्या गोष्टीत आले असते.

ज्यांच्याकडे दफ्तरातले कागद आहेत पण मांडणी सुचत नाही, त्यांनी ही कार्यशाळा जरूर करावी. ज्यांना फक्त निसर्गावर लिहायचं आहे, त्यांनी पहिले दोन रविवार आणि पाचवा एवढंच मिळतं का ते विचारावं आणि आखातात स्वतंत्रपणे, नोव्हेंबर ते फेब्रुवारीत जावं. पुढच्या तुकडीचे पैसे भरण्याआधी आयोजकांना एकच विचारा: सहलीच्या दोन्ही दिवशी ओख्याला पूर्ण ओहोटी किती वाजता आहे? उत्तर तयार असेल तर सहलीसकट नाव नोंदवा, नसेल तर साडेचार हजारच भरा.